संगणकाचा पडदा वारंवार काळा पडतो तेव्हा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेली चार माणसे बाकावर बसलेली आहेत, संगणक परिचालकाने अर्जातील निम्मी माहिती भरली आहे आणि समोरचा पडदा एकाएकी काळा होतो. दोन-तीन क्षणांनी चित्र परत येते आणि थोड्या वेळाने पुन्हा जाते. हा अनुभव आता राज्यातील कोणत्याही जिल्ह्यात नवलाचा राहिलेला नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने आणि त्यानंतर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांनी संगणक गावाच्या चावडीपर्यंत नेला. शाळांतून संगणक कक्ष उभे राहिले. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे उतारे, निरनिराळे दाखले, करआकारणीचा नमुना आठ, विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे आता पडद्यावर पाहूनच करावी लागतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत पुरविण्याचे दायित्व पदनिर्देशित अधिकाऱ्यावर आहे, आणि पडदा काळा पडला म्हणून ती मुदत थांबत नाही.

अशा वेळी सर्रास एकच निदान केले जाते: ‘मॉनिटर गेला.’ तो कोपऱ्यात ठेवला जातो, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो आणि नव्या खरेदीसाठी दरपत्रके मागविली जातात. पुढे नवा मॉनिटर येतो, तो त्याच जुन्या केबलीला व त्याच जुन्या बोर्डाला जोडला जातो, आणि काही दिवसांत तोही काळा पडू लागतो. वस्तुतः जो पडदा वारंवार जातो आणि आपण होऊन परत उजळतो, त्याच्या बाबतीत वीज अथवा चित्र त्याच्यापर्यंत अखंड पोहोचत नाही, हीच शक्यता सर्वांत अधिक असते. केबल काही शे रुपयांत मिळते, मॉनिटरला काही हजार मोजावे लागतात. म्हणून निदानाची वाट नेहमी स्वस्त वस्तूकडून महाग वस्तूकडे जाणारी असावी.

चित्र तयार होते ते संगणकाच्या पेटीत. मॉनिटर ते केवळ दाखवितो. लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या पडद्यालाही हेच लागू आहे. पडदा काळा झाला याचा अर्थ संगणक बंद पडला असा मुळीच नव्हे, आणि या एका गैरसमजापायी जेवढे काम वाया जाते तेवढे प्रत्यक्ष बिघाडामुळेही जात नसेल.

संगणक चालू आहे काय?

पडदा काळा होताच संगणकाचे बटण दाबून धरण्याची घाई करू नये. तसे केल्याने चालू असलेला संगणक जबरदस्तीने बंद होतो आणि न साठविलेले काम जाते. त्याऐवजी कळफलकावरील ‘नम लॉक’ किंवा ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबून पाहावी. तिच्यासाठी असलेला छोटा दिवा कळ दाबताच लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे. एखादे पत्र किंवा तक्ता टंकलिखित होत असेल, तर पडदा दिसत नसतानाही ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या कळा एकत्र दाबून ते साठविता येते, मात्र त्या मजकुरास पूर्वी एकदा नाव देऊन साठविलेले असावे. संकेतस्थळावरील अर्जाला हा उपाय लागू पडत नाही. तेथे चित्र परत येईपर्यंत कशालाही हात न लावणे हेच बरे.

दिव्याची भाषा

मॉनिटरच्या कडेला किंवा खालच्या बाजूस एक लहान दिवा असतो. पडदा काळा असताना त्याच्याकडे पाहण्याचा परिपाठ ठेवला तर निम्मे निदान जागच्या जागी होते. दिवा पूर्ण विझला असेल तर मॉनिटरला वीज मिळत नाही, किंवा त्याचा वीजपुरवठ्याचा भाग निकामी होत आहे. दिवा लागलेला आहे, परंतु त्याचा रंग पालटून नारिंगी झाला आहे किंवा तो मिणमिणत आहे, असे दिसल्यास मॉनिटर सुस्थितीत असून संगणकाकडून चित्र येणे थांबले आहे आणि तो विश्रांतीत गेला आहे, असे समजावे. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटत असतील तर तोच निर्वाळा अधिक स्पष्टपणे मिळतो, कारण ती अक्षरे मॉनिटर स्वतः लिहितो. ज्या मॉनिटरला ती लिहिता येतात, त्याचा पडदा आणि प्रकाश दोन्ही शाबूत आहेत. ‘आउट ऑफ रेंज’ ही अक्षरे मात्र वेगळी. चित्र येत आहे, पण मॉनिटरला न पेलणाऱ्या मापात येत आहे, असा त्यांचा अर्थ. संगणकाच्या मांडणीत जाऊन चित्राचे माप कमी करणे हा त्यावरचा उपाय होय.

दिवा नेहमीच्या रंगाचा, अक्षरे नाहीत आणि पडदा काळा, अशी स्थिती असेल तर खोलीतील उजेड कमी करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. अंधूक अक्षरे, खिडक्यांच्या चौकटी दिसू लागल्या तर चित्र येत आहे, परंतु पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. हा दोष मॉनिटरचाच. जुन्या मॉनिटरमध्ये हा प्रकाश बारीक नळीच्या दिव्यांनी मिळत असे. चालू करताच चित्र दोन सेकंद दिसून नाहीसे होणे हे त्या नळ्या किंवा त्यांना वीज देणारा भाग थकल्याचे ठळक लक्षण आहे.

वीज, बोर्ड आणि प्रिंटर

मॉनिटरचे विजेचे खाणे फार थोडे आहे. सामान्य आकाराचा आजचा मॉनिटर २० ते ३० वॅट घेतो. लेसर प्रिंटरची गोष्ट निराळी आहे. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा रूळ तापताना काही क्षण कित्येकशे वॅट ओढतो. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील आणि बोर्डाची वायर बारीक किंवा सॉकेट सैल असेल, तर प्रिंट देताच विजेचा दाब क्षणभर खाली येतो आणि पडदा काळा होतो. परिचालकास मात्र ‘दाखला छापायला गेले की संगणक बिघडतो’ असे वाटते, आणि दोष आज्ञावलीच्या माथी मारला जातो. प्रिंटरची पिन भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटमध्ये लावून एक दिवस काम करून पाहिले म्हणजे उलगडा होतो. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, हा नियम याच कारणासाठी सांगितला जातो. पाण्याची मोटर किंवा मोठा पंखा सुरू होण्याच्या वेळेशी पडद्याच्या जाण्याचा मेळ बसतो काय, हेही याच ओघात पाहावे.

अनेक मॉनिटरना लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असतो. त्याची गोल पिन मॉनिटरच्या पाठीमागे सैल झाली की टेबलाला धक्का लागताच चित्र जाते. अ‍ॅडॉप्टर बदलावयाचा झाल्यास व्होल्टचा आकडा आणि पिनेची धन-ऋण बाजू तंतोतंत तीच असावी. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक चालेल, कमी चालणार नाही. ‘पिन बसते आहे’ एवढ्या आधारावर दुसऱ्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर लावणे म्हणजे चांगला मॉनिटर हकनाक गमावणे होय.

केबलीचा विचार

वीज ठीक असल्याची खात्री पटली की केबलीकडे वळावे. कार्यालयांतून आज तीन प्रकारच्या केबली आढळतात. निळ्या तोंडाची, १५ टाचण्यांची व्हीजीए केबल ही १९८७ सालची देणगी. तीतून चित्र विजेच्या कमी-अधिक दाबाच्या रूपाने जाते, म्हणून ती खराब होऊ लागली की चित्र पिवळसर किंवा निळसर होते, अक्षरांना सावल्या येतात. एक टाचणी वाकली की एक रंगच नाहीसा होतो. तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळलेले असावेत. कित्येक ठिकाणी ते कधी आवळलेलेच नसतात.

एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि डिस्प्लेपोर्टचा २००६ मध्ये. या दोन्हींतून चित्र शून्य आणि एक या अंकांच्या रूपाने धावते. येथे बिघाडाचे रूपच पालटते. अंक नीट पोहोचले तोवर चित्र निर्दोष असते. चुकांचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पडद्यावर क्षणभर ठिणग्यांसारखे पांढरे ठिपके चमकतात आणि मग एकदम काळोख. ‘आतापर्यंत चित्र उत्तम होते, म्हणजे केबल चांगली आहे’ हा युक्तिवाद व्हीजीएच्या काळातला आहे. एचडीएमआयला तो लागू पडत नाही.

या केबलीवर पडणारा भार थोडा नव्हे. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेले चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवावयाचे असेल, तर एचडीएमआयच्या तीन जोडतारांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला सुमारे १४८ कोटी अंक जातात. चौपट ठिपक्यांच्या मोठ्या पडद्यासाठी हीच संख्या ५९४ कोटींवर जाते. साहजिकच जी केबल लहान पडद्याला वर्षानुवर्षे पुरली, ती नव्या मोठ्या पडद्याला लावताच धाप टाकू लागते. लांबी वाढली की हा त्रास वाढतो. वर्गातील प्रोजेक्टरसाठी भिंतीवरून नेलेल्या १०-१५ मीटरच्या स्वस्त केबली याचमुळे दगा देतात. केबलीची परीक्षा घेण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. संगणकाच्या मांडणीत जाऊन चित्र रंगविण्याचा वेग ६० वरून ३० वर आणावा किंवा ठिपक्यांचे माप कमी करावे. एवढ्याने पडदा जाणे थांबले तर केबल अशक्त आहे, हे जवळजवळ सिद्ध होते.

केबलीतून केवळ चित्रच जात नाही, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. मॉनिटर जोडताच संगणक त्याला त्याची ओळख विचारतो. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची एक लहानशी ओळखपत्रिका साठविलेली असते आणि तीत त्याचा निर्माता, आकार, पेलणारी मापे अशी माहिती असते. याखेरीज मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे कळविणारी एक स्वतंत्र तार असते. सैल पिनेमुळे ही एकच तार क्षणभर तुटली, तरी मॉनिटर काढून घेतला असे समजून संगणक चित्र पाठविणे बंद करतो. तार पुन्हा टेकली की पुन्हा ओळख, पुन्हा मांडणी, आणि मग चित्र. पडदा दोन-तीन सेकंद काळा राहून परत येतो तो बहुधा या उपचारामुळे.

लॅपटॉपबरोबर बाहेरचा पडदा वापरणाऱ्यांना यावरून एक उत्तम खूण मिळते. बाहेरचा पडदा जाताना लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही किंचित लुकलुकला, उघड्या खिडक्या एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडाल्या, किंवा उपकरण काढल्याचा नेहमीचा आवाज झाला, तर संगणकाच्या लेखी जोडणीच तुटली होती. अशा वेळी पिना, केबल आणि मॉनिटरची वीज तपासावी. तसे काहीच न होता केवळ पडदा काळा झाला, तर संगणक चित्र पाठवीत होता, पण ते वाटेत नासले किंवा मॉनिटरला दाखविता आले नाही.

जुने व्हीजीए मॉनिटर आणि नवे लॅपटॉप यांची सांगड घालण्यासाठी जी छोटी परिवर्तक डबी वापरतात, ती शाळांतून फार त्रास देते. ती साधी तार नसून तिच्यात चित्राचे रूप बदलणारे यंत्र असते आणि त्याला वीज लागते. एचडीएमआयच्या नियमानुसार संगणकाने ५ व्होल्टवर किमान ५५ मिलिअँपिअर एवढीच वीज देणे अपेक्षित आहे. काही डब्यांची भूक याहून मोठी असते. अशी डबी काही संगणकांवर चालते, काहींवर तापून बंद पडते, आणि शिक्षक गोंधळात पडतात. यूएसबीतून वेगळी वीज घेणारी डबी घेतल्यास हा प्रश्न बहुधा सुटतो.

डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलींत २० क्रमांकाची टाचणी दोन्ही टोकांना जोडलेली असते. नियमाप्रमाणे ती जोडावयाची नसते. तीतून मॉनिटरची वीज उलट संगणकात शिरते आणि विचित्र बिघाड उद्भवतात. केबल निष्कारण स्वस्त मिळाली तर हे ध्यानात असावे.

हवामानाचाही वाटा आहे. कोकणातील दमट, खारट हवेत टाचण्यांवर मळ चढतो. सर्व यंत्रे बंद करून पिन चार-सहा वेळा काढ-घाल केल्याने तो अनेकदा निघून जातो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनविलेले असतात. तास-दीड तास चालल्यावर जाणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत होणारा पडदा उष्णतेकडे बोट दाखवितो. मॉनिटरच्या मागील झरोक्यांतील धूळ, खिडकीतून पाठीवर येणारे ऊन, भिंतीला टेकवून ठेवण्याची सवय या गोष्टी प्रथम दूर कराव्यात. उंदरांनी कुरतडलेली केबल हा तर आपल्याकडे नेहमीचाच प्रकार. ती टेबलामागे असल्याने कोणी पाहत नाही इतकेच.

एक कारण असे आहे की ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी. वर-खाली होणाऱ्या, गॅसच्या दांड्यावरील खुर्चीवरून माणूस उठताना किंवा बसताना स्थिर विजेचा एक झटका निर्माण होऊ शकतो आणि जवळची कमी प्रतीची केबल तो पकडते. पडदा क्षणभर जातो. कोरड्या हवेत हे अधिक घडते. ‘साहेब उठले की पडदा जातो’ अशी तक्रार आल्यास ती हसण्यावारी न नेता केबल बदलून, ती खुर्चीपासून दूर बांधावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

अदलाबदलीची कसोटी

वरील तर्क कितीही बिनचूक वाटले तरी निर्णय अदलाबदलीवर सोडावा. शाळेच्या संगणक कक्षात एकसारखे अनेक संच असतात, त्यामुळे तेथे ही कसोटी फार सुलभ होते. बिघडलेल्या संचाची केबल शेजारच्या चांगल्या संचाला लावावी आणि त्याची केबल इकडे आणावी. दोष केबलीबरोबर शेजारी गेला तर केबल दोषी. तो मूळ जागीच राहिला तर केबली पूर्ववत करून आता मॉनिटरची अदलाबदल करावी. एका वेळी एकच वस्तू हलवावी, हे येथे सर्वांत महत्त्वाचे. केबल, अ‍ॅडॉप्टर आणि बोर्ड एकदमच बदलले आणि दोष गेला, तर समाधान मिळते पण कारण कळत नाही, आणि तिन्ही जुन्या वस्तू संशयित म्हणून अडगळीत जातात.

चित्र दिवसातून दोनदाच जात असेल तर पाच मिनिटांच्या तपासणीने काही निष्पन्न होणार नाही. अशा वेळी टेबलावर एक वही ठेवावी. पडदा किती वाजता गेला, किती वेळ काळा राहिला, दिव्याचा रंग कोणता होता, प्रिंटर चालू होता काय, यूपीएस वाजत होता काय, एवढे चार शब्द प्रत्येक वेळी लिहावेत. आठवड्याभरात आकृती दिसू लागते. काम थांबविल्यावर बरोबर दहा मिनिटांनी पडदा जातो आणि माऊस हलविताच येतो, असे वहीतून दिसले तर तो बिघाडच नव्हे. वीज वाचविण्यासाठी संगणकात ठरवून दिलेली ती वेळ आहे आणि मांडणीत जाऊन ती वाढविता येते. काही मॉनिटरमध्ये स्वतःचीही अशी वेळ लावलेली असते. ती त्याच्या कडेच्या बटणांनी उघडणाऱ्या यादीत सापडते.

संगणकाच्या आतील कारणे

दुसऱ्या चांगल्या संगणकावर तोच मॉनिटर, त्याच केबलीने, अर्धा दिवस न चुकता चालला तर दोष पहिल्या संगणकात आहे. विंडोज प्रणालीत चित्र सांभाळणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, ठरावीक काळ प्रतिसाद देईनाशी झाली की प्रणाली तिला स्वतःच पुन्हा सुरू करते. हा काळ साधारणपणे दोन सेकंदांचा असतो. त्या दरम्यान पडदा काळा होतो आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत तशी नोंद होते. वहीतील वेळ आणि ही नोंद जुळली तर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घेऊन बसवावा. पडदा काळाच राहिला तर ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘बी’ या कळा एकत्र दाबल्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडे काम सहसा शाबूत राहते. बाहेरचा पडदा लॅपटॉपने बाजूस सारला असेल तर ‘विंडोज’ आणि ‘पी’ दाबून तो पुन्हा निवडता येतो.

मॉनिटरच दोषी ठरला तर

दोन चांगल्या केबली, वेगळे सॉकेट आणि दुसरा संगणक, एवढ्या कसोट्यांनंतरही पडदा जात राहिला तरच मॉनिटर सदोष ठरवावा. तो उघडण्याचा मोह मात्र टाळावा. वीज काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो आणि तो घातक ठरू शकतो. शिवाय पेटी उघडल्यास हमी जाण्याचा धोका असतो. जडवस्तू नोंदवहीतील खरेदीचा दिनांक, हमीपत्र आणि वार्षिक देखभाल करार यांची पडताळणी करून मगच दुरुस्तीस पाठवावे. सोबत वहीतील नोंदींची प्रत द्यावी. ‘चालत नाही’ एवढ्या शब्दांवर आलेला तंत्रज्ञ मॉनिटर लावून पाहतो, तो त्या घटकेला चालतो, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून निघून जातो. ‘तीन संगणकांवर, दोन केबलींनी तपासले, दर वेळी सुमारे ४० मिनिटांनी दिवा विझून जातो’ असे लिहून दिले तर त्याला ते टाळता येत नाही.

दुरुस्तीचा खर्च न परवडणारा निघाल्यास निर्लेखन करावे, परंतु मॉनिटर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नये. नळीचा प्रकाश असलेल्या जुन्या पडद्यांत पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवावयाच्या असतात. त्याच्या केबली आणि अ‍ॅडॉप्टर चांगले ठरले असतील, तर ते त्यासोबत देऊ नयेत. मॉनिटरचा नमुना क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावेत. पुढच्या अदलाबदलीला तेच लागतात.